शंभरातली पंच्याऐंशीवी गाडी

बोर्ड वाचून वेग ठरवणारा चालक विरळाच. रस्ता किती रुंद, पुढं किती लांबचं दिसतंय, कडेला घरं आहेत की उसाचं रान, यावर पाय आपोआप दाबला किंवा उचलला जातो. म्हणून रस्त्याचे इंजिनिअर आधी लोक कसे चालवतात ते मोजतात आणि शंभरातल्या पंच्याऐंशी गाड्या ज्या वेगाच्या आत असतात, त्याच्या आसपास मर्यादा ठेवतात. निदान पुस्तकात तसं आहे.

मोजणं अवघड नाही. सरळ, सपाट पट्टा घ्यायचा, रस्ता कोरडा हवा, जवळ हंप किंवा टोलनाका नको. कडेला दर दोनशे मीटरवर असणारे दगड इथं कामाला येतात. एका दगडापाशी एक जण, पुढच्यापाशी दुसरा, फोन चालू. पहिल्यानं ‘आली’ म्हटलं की दुसऱ्यानं स्टॉपवॉच दाबायचं, गाडी त्याच्यापाशी पोचली की थांबवायचं. ७२० ला (२०० मीटर गुणिले ३.६) सेकंदांनी भागलं की ताशी वेग मिळतो. १२ सेकंद म्हणजे ताशी ६० किमी, ७.२ म्हणजे १००. पन्नास मीटरचं अंतर घेऊ नका. शंभरच्या वेगाला ते १.८ सेकंदांत संपतं, आणि बोट पाव सेकंद चुकलं तरी आकडा १२ ते १६ नं हलतो. ट्रकमागं अडकलेली कार धरायची नाही, ती ट्रकचा वेग सांगते. निदान शंभर मोकळ्या गाड्या चढत्या क्रमानं लावून पंच्याऐंशीवी बघायची. आणि हो, चमकणारं जाकीट घालून वही घेऊन उभं राहू नका. सगळे एकदम सभ्य होतात.

केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेत दुभाजकाच्या चौपदरी रस्त्यावर कारला कमाल १००, मालवाहू ट्रकला ८०; इतर रस्त्यांवर ७० आणि ६०. निपाणी-बेळगाव हायवेच्या मोकळ्या पट्ट्यावर शंभर कुणाला जाचक वाटू नये. त्यातही स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा थोडं जास्तच दाखवतं, कमी दाखवायची त्याला मुभा नसते. जांबोटी-चोर्ल्याच्या घाटाकडं तर वळणंच वेग ठरवतात, पावसात जास्तच.

ही पद्धत फसते ती दोन ठिकाणी. पहिलं, गळीत हंगामातली रात्र. कार शंभरनं, पुढं उसाची डबल ट्रॉली वीसनं, म्हणजे दोघांतला फरक ८०, सेकंदाला २२ मीटर. मागं रिफ्लेक्टर नसलेली, वाड्यांनी (उसाच्या शेंड्यांच्या पाल्यानं) झाकलेली ट्रॉली डिपरवर, म्हणजे खाली वळवलेल्या दिव्यांत, साठेक मीटरवर दिसली, तर हातात २.७ सेकंद. आपल्याकडं रस्त्याची आखणी करताना चालकाला सावध होऊन ब्रेक दाबायला २.५ सेकंद धरतात. उरलेल्या ०.२ सेकंदात काय थांबणार? इथं कारचा ‘नैसर्गिक’ वेग दिवसाच्या सवयीचा असतो आणि रात्रीच्या नजरेला पेलत नाही.

दुसरं, हायवेलगतचं गाव. मोजणीत गाडी चालवणारेच येतात. रस्ता ओलांडणारी म्हातारी, सायकलवरचं पोर त्या शंभरात नसतं. तिथं पंच्याऐंशीचा आकडा कामाचा नाही, मर्यादा माणसाच्या हिशेबानंच ठरवायला हवी. पण रस्ता तसाच रुंद ठेवून नुसता ४० चा बोर्ड ठोकला, तर एखादाच तो पाळतो, मागचा हॉर्न मारतो आणि तिसरा चुकीच्या बाजूनं काढतो. शिवाय एरवी चालकाला जो वेग बरोबर वाटतो, त्याच्या निम्मा बोर्ड कारण नसताना दिसत राहिला, की पुढच्या खऱ्या धोक्याच्या बोर्डाकडंही कुणी बघत नाही.

म्हणून गावात रस्त्याचं रूप बदलावं लागतं: कडेचे पट्टे आत घेऊन लेन अरुंद करणं, आधी रंबल स्ट्रिप (गाडी थरथरवणारे आडवे पट्टे), मग आतल्या रस्त्यावर मापाचा हंप. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मापाचा हंप गाडीच्या दिशेनं ३.७ मीटर लांब, मध्ये १० सेंमी उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा असतो. ताशी २५ ला तो अलगद ओलांडता येतो. गावोगावी घातलेले हात-दीड हात लांबीचे, १० सेंमीहून उंच, बिनरंगाचे उंचवटे दुचाकीवाल्याला पाडतात, आणि बाकीचे कडेच्या मातीतून काढून घेतात, म्हणजे नेमके माणसं चालतात तिथून.