गंगेवरचा सेल्फी आणि दीडशे रुपयांची काच

त्रिपुरी पौर्णिमेला आम्ही दरवर्षी गंगेवर दिवे सोडायला जातो. (नाशिककरांची गंगा म्हणजे गोदावरीच, बाहेरच्यांनी गोंधळू नये.) गेल्या वर्षी आईला दिव्यांसकट दोघींचा एक धड फोटो हवा होता. गांधी तलावाजवळ उभं राहून मी तीसेक सेल्फी काढले. सगळ्यांत दिव्यांचे कापसाचे बोळे झालेले आणि आमच्या तोंडावर धुकं. आई म्हणाली, "अगं, हे आपण दोघी की भुतं?"

दुसऱ्या दिवशी महात्मा गांधी रोडवरच्या एका मोबाइल दुकानात गेले. त्याने फोन उलटासुलटा केला आणि सांगितलं, "मॅडम, फ्रंट कॅमेरा गेलाय. बदलावा लागेल." अठराशे रुपये. पार्ट संध्याकाळी येणार होता. संध्याकाळी गेले तर "उद्या". उद्या गेले तर "माणूस जेवायला गेलाय". पंचवटीतून तिथे जाऊन गाडी लावायला जागा शोधणं म्हणजे काय, ते ज्याचं त्याला माहीत! तिसऱ्या खेपेला एकदाचा कॅमेरा बसला. दुकानातल्या ट्यूबच्या उजेडात फोटो झकास आला. मी खूश, पैसे देऊन घरी. दिवेलागणीला तुळशीपाशी सेल्फी काढला, तर तेच धुकं. परत गेले. तो म्हणे, "रात्री असंच येतं मॅडम, फोनची लिमिट आहे." मग अठराशे रुपये कशाचे घेतलेस बाबा?

शेवटी माझ्या अकरावीतल्या भाच्याने फोन बल्बसमोर तिरका धरला आणि म्हणाला, "मावशी, आधी ही काच काढ." शेजारच्याला स्क्रीन दिसू नये म्हणून मी दीडशे रुपयांची प्रायव्हसी ग्लास बसवली होती. ती पुढच्या कॅमेऱ्यावरूनही गेलेली, आणि आत गोंद, धूळ. दुकानदाराने फोन मागून उघडला, या काचेला हातही लावला नव्हता. दिवसा चारी बाजूंनी सारखा उजेड असला की हे फारसं जाणवत नाही. अंधारात समोर एखादाच प्रखर दिवा असला की त्याचा उजेड त्या मळात पसरतो आणि अख्खा फोटो पांढुरका होतो. काच काढली, बल्ब बल्बासारखा दिसला. तेव्हा कॅमेरा बदलण्याआधी काच काढून बघा, नाहीतर निदान पदराने पुसून तरी. बोटांचं तेलही हेच करतं.

बाकीचं नंतर दोन-तीन संध्याकाळी रामकुंडावर जाऊन शिकले. दिवे पाठीशी ठेवले की चेहरा काळा होणारच. आम्ही चहाच्या गाडीच्या बल्बकडे तोंड करून उभ्या राहिलो. पण बल्बाच्या जवळ जा, कारण अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो. स्क्रीन पांढरी करणारा फ्लॅश मी बंदच ठेवते, त्याने आई पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी दिसते. चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड तिथेच थांबतो, मग बोट खाली ओढून उजेड थोडा कमी करायचा. चेहरा जरा सावळा आला तरी चालेल, पण ज्योती ज्योतींसारख्या दिसतात.

नाइट मोड एकामागून एक बरेच फोटो घेऊन त्यांचा एक करतो, म्हणून तेवढा वेळ हलायचं नाही. आईला हे पटवणं सगळ्यात अवघड, तिला नेमकं तेव्हाच काहीतरी आठवतं. कोपरं बरगड्यांना टेकवा, किंवा फोन घाटाच्या पायरीला उभा करून तीन सेकंदांचा टायमर लावा. बटण दाबतानाच हात हलतो. टायमर लावलाच आहे तर मागचाच कॅमेरा वापरा, त्याचा सेन्सर (उजेड टिपणारा भाग) बहुधा मोठा असतो.

ब्यूटी मोड बंद करा, हे आधीच सांगायला हवं होतं. तो चेहऱ्यावरचे दाणे पुसता पुसता आईच्या नथीचे मोतीही पुसतो.

यंदाचा फोटो छान आला. पुण्याच्या मामाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला तर त्याचा लगेच फोन, "अगं, फुटलाय हा." तिथे फोटो दाबून लहान होतो. डॉक्युमेंट म्हणून परत पाठवला, तेव्हा त्याला आईची नथ दिसली.