घोडबंदरच्या गच्चीवरून एम ५१: पूल आला, शेपट्या बाकी

गच्चीवरून दुर्बिणीने फोटो काढायचा यंदाचा सीझन मी एम ५१ ही दीर्घिका (गॅलॅक्सी) आणि तिची धाकटी जोडीदारीण एनजीसी ५१९५ यांनाच दिला. सुंदर म्हणून नव्हे, उंच येतात म्हणून. सप्तर्षीतल्या मरीचीपासून साडेतीन अंशांवरची ही जोडी ठाण्याच्या अक्षांशावरून उत्तरेला ६२ अंश चढते. मार्चअखेर हे होतं रात्री दीडच्या सुमारास. तोवर समोरच्या टॉवरमधले बरेच दिवे मालवलेले असतात. हस्त नक्षत्रातल्या 'अँटेना' दीर्घिका, एनजीसी ४०३८ आणि ४०३९, मलाही हव्या आहेत. पण त्या दक्षिणेला ५२ अंशांवरच थांबतात आणि त्या बाजूला ठाणे-मुलुंडचा सगळा उजेड. त्यांच्या शेपट्या, म्हणजे एकमेकींच्या ओढीने बाहेर खेचल्या गेलेल्या लांब धारा, इथून काढायचा नाद मी सोडलाय.

आता हिशेब. माझं आकाश चौरस आर्कसेकंदाला साधारण १८ मॅग्निट्यूडचं (आकडा जितका मोठा, तितकं आकाश काळोखं). खरं काळोखं आकाश २१.५ च्या आसपास. साडेतीन मॅग्निट्यूडचा फरक म्हणजे २५ पट उजेड. म्हणजे तिथल्या एका तासात जे मिळतं, त्याला इथे पंचवीस तास. फिल्टरने हे सुटत नाही. दीर्घिकेचा प्रकाश हा ताऱ्यांचाच, सगळ्या रंगांत पसरलेला, आणि रस्त्यावरचे एलईडीही तसेच. एक अडवलं की दुसरं अडतं. ड्युअल-बँड, म्हणजे दोनच अरुंद रंगपट्टे आत सोडणारा, फिल्टर फक्त दीर्घिकेच्या सर्पिल भुजांमधले हायड्रोजनचे गुलाबी ठिपके उठवायला वापरतो.

सेटअप तोच: ८ इंची एफ/५ न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण), ६० सेकंदांचे सब्ज (नंतर एकत्र रचायचे सुटे फोटो). इथे त्याहून लांब एक्स्पोजरची गरजच नाही, आकाशाचा नॉईज कॅमेऱ्याच्या रीड नॉईजला (फोटो वाचताना त्याची स्वतःची होणारी खरखर) केव्हाच गिळतो. ध्रुवतारा जेमतेम १९ अंशांवर, म्हणजे टॉवरच्या मागे, त्यामुळे पोलर अलाइनमेंट (दुर्बिणीचा अक्ष ध्रुवाकडे रोखणं) नीना या सॉफ्टवेअरच्या तीन-बिंदू पद्धतीने. त्याला ध्रुव दिसावा लागत नाही. खाडीवरून दमट वारा सुटला की दुर्बिणीच्या सेकंडरी (छोट्या) आरशावर दव धरतं. हीटर आधीच लावून ठेवा.

ताज्या स्टॅकमध्ये, म्हणजे सगळे सब्ज एकत्र रचून केलेल्या फोटोत, दोन दीर्घिकांमधला पूल स्पष्ट आलाय. एम ५१ ची भुजा एनजीसी ५१९५ च्या पुढून जाते आणि तिच्यातल्या धुळीची काळी रेघ जोडीदारिणीच्या तेजस्वी गाभ्यावर आडवी पडलेली दिसते. कोण पुढे, कोण मागे, हे गच्चीवर बसून कळतं, याचं मला अजून अप्रूप आहे! आयरिश खगोलनिरीक्षक लॉर्ड रॉसने १८४५ मध्ये या भुजा ७२ इंची दुर्बिणीला डोळा लावून पाहिल्या आणि हाताने चितारल्या. असे पूल आणि शेपट्या निव्वळ गुरुत्वाकर्षणाच्या ओढीने तयार होतात, हे आलार आणि युरी टूम्रे या खगोलशास्त्रज्ञ भावांनी १९७२ मध्ये संगणकावर दाखवलं. त्यांच्या नमुन्यांत एम ५१ होती आणि अँटेनाही.

एनजीसी ५१९५ च्या बाहेर पसरलेला अंधुक पिसारा (हीच ती शेपटी) मात्र अजून संशयापुरताच आहे. स्ट्रेच वाढवला (अंधुक भाग उजळवले) की काहीतरी दिसतं, पण तसं तर ग्रेडियंटही (शहराच्या उजेडाची चढउतार) दिसतं. म्हणून स्टॅकचे दोन भाग करून वेगवेगळे प्रोसेस करतोय. दोन्हींत तोच आकार आला तरच मानायचं. आणि बॅकग्राउंड काढताना (शहराचा उजेड फोटोतून वजा करताना) नमुन्याचे ठिपके दीर्घिकेपासून चांगले लांब टाका, नाहीतर सॉफ्टवेअर पिसाऱ्यालाच शहराचा उजेड समजून पुसून टाकतं.