मधला शनिवार

सकाळी फोन हातात घेतला तर "हॅपी ईस्टर"चे चार मेसेज येऊन पडले होते, फुलं, उघडी कबर, सूर्यकिरण सगळं. लोक प्रेमानेच पाठवतात, मला माहितीये. पण मला दरवर्षी थोडं दुखतंच, कारण काल दुपारी तीन वाजता ज्याला आपण क्रुसावर मरताना पाहिलं त्याला आज एक दिवस तरी कबरेत राहू द्या ना. फोन बंद केला आणि कपाटात ठेवून दिला. हे सगळं वहीत लिहितेय, टाइप नंतर करीन, म्हणजे तुम्ही वाचाल तेव्हा ईस्टर होऊन गेलेला असेल, पण आत्ता इथे अजून शनिवार आहे, ४ एप्रिल, आणि अजून काहीही झालेलं नाही.

पवित्र शनिवारबद्दल लोक फार बोलत नाहीत. गुरुवारी पाय धुतात, शुक्रवारी क्रुसाची वाट, रविवारी पुनरुत्थान, आणि मधला शनिवार म्हणजे साफसफाईचा, खरेदीचा, नवे कपडे इस्त्री करण्याचा दिवस. कित्येक वर्षं मीपण तसाच घालवलाय. आता नाही घालवत. का ते सांगतेच.

आधी चर्चचं सांगते. आज सकाळी आम्ही सहा-सात बायका पितळी शमादानं घासायला गेलो होतो, रात्रीच्या जागरणाची, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या उपासनेची तयारी. आजच्या दिवसाइतकं रिकामं चर्च वर्षात कधीच नसतं. वेदीवर कापड नाही, फूल नाही, मेणबत्ती नाही, नुसता दगड. ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सेत आशीर्वादित केलेली भाकर, ठेवायचं छोटं कपाट सताड उघडं आणि आत काही नाही, त्याच्यासमोर एरवी रात्रंदिवस जळणारा दिवा विझलेला. दारातून आत शिरताना सवयीने हात पवित्र पाण्याकडे गेला तर भांडं कोरडं. घंटा गुरुवारच्या ग्लोरिया ह्या स्तुतिगीतापासून गप्प आहेत, मधल्या काळात खूण करायची तर लाकडाची फळी वाजवतात, तिचा तो सुका खट्खट् आवाज ऐकला की अंगावर येतो. आणि आज दिवसभर मिस्सा, म्हणजे वेदीवरची रोजची मुख्य उपासना, नाही. काल आणि आज सोडले तर वर्षातले इतर दिवस कुठे ना कुठे मिस्सा चालूच असते, आज जगात कुठल्याच कॅथलिक वेदीवर दिवसा मिस्सा होत नाही. कबरेपाशी थांबायचं, बस, एवढंच चर्चचं आजचं काम.

घासताना कोणी फारसं बोलत नव्हतं. कोणी बोलू नका असं सांगितलं नव्हतं, आपोआपच आवाज खाली येतात. आणि मला तिथे दरवेळी बायबलमधल्या, लूकच्या शुभवर्तमानातल्या त्या बायका आठवतात (येशूची गोष्ट चौघांनी लिहिली, लूक, योहान, मार्क आणि मत्तय). शुक्रवारी संध्याकाळी अरिमथाईच्या योसेफाने पिलात ह्या रोमी सुभेदाराकडे जाऊन येशूचं शरीर मागितलं, तागाच्या कापडात गुंडाळून खडकातल्या कबरेत ठेवलं, योहान तर सांगतो की निकदेमाने गंधरस आणि अगरू आणलं ते शंभर लित्र, म्हणजे आजच्या हिशेबाने तीस-बत्तीस किलो, राजाला पुरताना लागेल इतकं. बायका मागे उभ्या राहून कबर कुठली, शरीर कसं ठेवलंय ते नीट बघत होत्या. मग घरी गेल्या, सुगंधी द्रव्यं तयार केली, आणि सूर्य मावळला. शब्बाथ, यहुद्यांचा विश्रांतीचा दिवस, लागला. तेव्हा लूक म्हणतो की शब्बाथाच्या दिवशी आज्ञेप्रमाणे त्या स्वस्थ राहिल्या. संपलं. शिष्यांनी त्या दिवशी काय केलं ते नाही, येशूच्या आईने काय केलं ते नाही, ह्या अख्ख्या शनिवारबद्दल लूककडे एवढं एकच वाक्य आहे, आणि ते बायकांचं आहे. त्यांची नावं तो नंतर सांगतो, मग्दालीया मरीया, योहान्ना, याकोबाची आई मरीया.

(मार्क म्हणतो की द्रव्यं त्यांनी शब्बाथ संपल्यावर विकत घेतली, म्हणजे शनिवारी दिवस मावळल्यावर. असू दे. दोघांच्या सांगण्यात मधला दिवस तसाच रिकामा राहतो.)

तो दिवस त्यांनी कसा काढला असेल ह्याचा मी खूप विचार करते. तयारी झालेली, भांडी झाकून ठेवलेली, घरभर वास भरलेला, आणि हात लावायचा नाही. आपल्याकडे कोणी गेलं की आपण कामात बुडतो ना, पाहुणे, कागदपत्रं, फोन, काहीतरी हाताला हवंच असतं, त्यांना तेही नव्हतं. बसून राहायचं आणि आठवायचं. त्या दिवशी धावपळ केली ती फक्त मत्तयाने सांगितलेल्या माणसांनी, मुख्य याजक आणि परूशी पिलाताकडे गेले, पहारा मागितला, कबरेच्या तोंडावरच्या धोंडेला शिक्का मारून आले. ज्यांना भीती होती त्यांचा शनिवार कामात गेला. ज्यांचं प्रेम होतं त्यांचा बसून गेला.

हे मला पुस्तकातून नाही समजलं, बाबांमुळे समजलं.

बाबा लहानपणी वेदीसेवक होते, मिस्सेच्या वेळी फादरांच्या हाताखाली असायचे, आणि ते एक गोष्ट नेहमी सांगायचे, की त्यांच्या लहानपणी ईस्टरचं जागरण शनिवारी सकाळी व्हायचं! सकाळी, लख्ख उन्हात. नवा अग्नी पेटवायचे तर ज्योत दिसायचीसुद्धा नाही, आणि पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, स्तुतिगीतात "हीच ती रात्र, हीच ती रात्र" असं पुन्हा पुन्हा येतं ते खिडकीतून ऊन आत येत असताना गायचे, आणि दुपारी बारा वाजले की उपवासकाळ संपला. मग बाराव्या पायस पोपनी १९५१ मध्ये आधी प्रयोग म्हणून रात्री करायची परवानगी दिली आणि १९५६ पासून सगळीकडे रात्रीच करायचा नियम झाला. बाबा तेव्हा बारा वर्षांचे होते. ते म्हणायचे, पहिल्यांदा अंधारात ती एक मेणबत्ती आत आली तेव्हा मला कळलं की गाणं कशाबद्दल होतं. आणि दुसरी गोष्ट म्हणायचे ती माझ्या मनात जास्त राहिली, की रात्र परत मिळाली त्यापेक्षा मोठं म्हणजे शनिवार परत मिळाला. आधी तो दुपारीच संपून जायचा.

मी ऐकायचे आणि इस्त्री करत राहायचे.

२०१९ ला ईस्टर २१ एप्रिलला होता. बाबा महिनाभर अंथरुणावर होते आणि शनिवारी सकाळी डॉक्टर म्हणाले की आता बोलवायचं त्यांना बोलवून घ्या. मी फादरांना फोन केला, आणि फोन करताना माझ्या लक्षात आलं की आज शनिवार, आज तर कोणालाच ख्रिस्तशरीर देत नाहीत. तसं म्हटलंपण त्यांना. ते म्हणाले, मरणाच्या दारात असलेल्या माणसाला देतात, आजच्या दिवशी फक्त त्यालाच देतात. अर्ध्या तासात आले. ह्या शेवटच्या प्रसादाला लॅटिनमध्ये व्हिआतिकुम म्हणतात, म्हणजे वाटेची शिदोरी. कपाट उघडं आणि रिकामं असतं ते खरं, पण आत बाजूला कुठेतरी थोडं ख्रिस्तशरीर राखून ठेवलेलं असतं, मरणाऱ्यासाठी. सगळं जग उपाशी आणि बाबांच्या जिभेवर तो एक छोटासा तुकडा. त्यांना गिळायला वेळ लागला. मी त्यांचं मनगट धरून बसले होते, कारण हात धरला तर त्यांची बोटं मिटायचीच नाहीत, नुसती पडून राहायची, मग मनगटच धरलं.

त्या रात्री जागरणाला गेले नाही. शेजारच्या काकू चर्चमधून माझ्या वाटची मेणबत्ती घेऊन आल्या, म्हणाल्या, तुझी. ती तशीच ठेवली. घरात दिवसभर काही करण्यासारखं नव्हतं, रात्रीपण नव्हतं. बसायचं होतं फक्त. बाबा मंगळवारी गेले.

पुढे एकदा कोणीतरी मला इस्तंबूलच्या कोरा चर्चमधल्या भित्तिचित्राचा फोटो दाखवला. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचं आहे. आपण विश्वासांगीकारात, म्हणजे आपल्या श्रद्धेच्या प्रार्थनेत म्हणतो ना, येशू अधोलोकात उतरला, ते ह्या शनिवारचं चित्र. पांढऱ्या कपड्यात ख्रिस्त, पायाखाली मोडलेली दारं, कुलपं आणि किल्ल्या विखुरलेल्या, आणि तो दोन्ही बाजूंनी आदाम आणि हव्वेला कबरेतून ओढून काढतोय. मी किती वेळ बघत बसले. त्याने त्यांचे हात धरलेलेच नाहीत. मनगटं धरलीत. ज्याच्या बोटांत पकडायची ताकद नाही त्याला असंच धरावं लागतं, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तेव्हापासून मी शनिवार मोकळा ठेवते. काय करते विचाराल तर फार काही नाही. सकाळी शमादानं. मग घरी येऊन एक वही काढते, त्यात आमच्या गेलेल्या माणसांची नावं आहेत, ती एकेक करून मोठ्याने वाचते, यंदा दोन नवीन लिहिली आणि पेन खाली ठेवून बराच वेळ उठले नाही. शुक्रवारचा उपवास आजही सुरू ठेवते, सक्ती नाहीये पण चर्चने तो जमला तर शनिवारीही धरावा असंच सांगितलंय. ज्याच्याशी वर्षभर बोलणं तुटलंय त्याला पत्र लिहिते, पोस्टात सोमवारी टाकते. यंदाचं पत्र अर्धंच झालं. आणि दुपारी पुन्हा चर्चमध्ये जाऊन नुसती बसते. प्रार्थना सुचतेच असं नाही. आज नाही सुचली. उघड्या कपाटाकडे बघत बसले होते, मागे कोणीतरी पापनिवेदनासाठी रांगेत उभं होतं, आज तो संस्कार मात्र मिळतो.

निघताना वस्त्रांच्या खोलीत नवीन पास्काची मेणबत्ती दिसली, कापडात गुंडाळून टेबलावर आडवी ठेवलेली, माझ्या कमरेइतकी उंच असेल. तिच्यावर क्रूस, वर आल्फा, खाली ओमेगा आणि क्रुसाच्या चार कोपऱ्यांत २, ०, २, ६. धूपाचे पाच दाणे अजून खोचलेले नाहीत, ख्रिस्ताच्या पाच जखमांचे, ते रात्री. तशी आडवी, कापडात, ती मला वेगळीच दिसली. मी कापड थोडं सारखं केलं.

आता साडेसहा वाजलेत. परवाच पौर्णिमा झाली, त्यामुळे चंद्र उगवायला आज वेळ आहे, आम्ही बाहेर अंगणात अग्नीभोवती उभे राहू तेव्हा चांगलाच काळोख असेल. बाबांच्या कपाटातून काकूंनी आणलेली ती मेणबत्ती काढलीये. सात वर्षं पडून जराशी पिवळी पडलीये आणि मधे किंचित वाकलीये. वात अजून पांढरीच आहे. चप्पल घालते आणि निघते.