लाल पल्ल्याचं पोट बसलं

आज सकाळी लाल पल्ला एका बोटाने ढकलला आणि तो थेट भिंतीपर्यंत गेला. कुठे घासला नाही, अडला नाही. मी चार वेळा पुढेमागे करून पाहिला.

हॉल आणि बेडरूममधले तिन्ही सरकते पल्ले आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत चालू करेन असं मागच्या वेळी लिहिलं होतं. आखाजी होऊन तीन आठवडे झाले आणि चालू झालाय हा एकच. पण तो का अडत होता ते आता पक्कं कळलंय. पातळ प्लायचे पल्ले करणाऱ्यांनी हे वाचून मगच सामान आणावं.

पल्ला सात फूट बाय तीन फूट, बारा एमएमचा प्लाय, वरच्या चॅनेलवर टांगलेला. हॉलकडच्या बाजूला प्रायमर आणि लाल ऑइल पेंटचे तीन हात दिलेले. बेडरूमकडची बाजू कोरी, कारण तिकडे राखाडी द्यायचा की काळा हे ठरत नव्हतं. टांगला तेव्हा सरळ होता. आठ दिवसांत मधोमध फुगून शेजारच्या पल्ल्याला घासायला लागला. आमचे मिस्तरी अमळनेरकडचे. त्यांनी डोळा लावून पाहिलं आणि म्हणाले, "ताई, हाऊ पल्ला पोट काढी ऱ्हायना." वरून खाली दोरी ताणून मोजलं तर पाच सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग)! दोन पल्ल्यांमध्ये जागा ठेवलेली चार सुतांची.

पहिला संशय चॅनेलवर. ते दोनदा उतरवलं, ओळंबा लावून परत बसवलं, काही फरक नाही. मग संशय प्लायवर. दुकानदार म्हणाले, एवढ्या उंचीला ब्लॉकबोर्डच (आत लाकडी पट्ट्या असलेला बोर्ड) लागतो. हे त्यांचं खरं आहे, पण मी उंची सांगून माल घेतला होता, तेव्हाच बोलायला हवं होतं. तरीही मला ते उत्तर पुरेना, कारण त्याच शीटच्या गठ्ठ्यातला निळा होणारा पल्ला शेजारीच टांगलेला होता. त्याला अजून रंगच नव्हता, दोन्ही बाजू कोऱ्या, आणि तो मात्र सरळ.

आखाजीला चार दिवस माहेरी गेले. घर बंद. परत आले तर लाल पल्ला मोकळा फिरतोय. दोरी लावली, दोन सूत. दोन दिवसांनी पुन्हा अडला, पुन्हा पाच. चार दिवसांत घरात काय बदललं होतं? कूलर बंद होता.

कूलर बेडरूमच्या खिडकीत आहे. मे महिन्यात जळगावात तो दिवसरात्र चालतो. त्याची ओली हवा पल्ल्याच्या कोऱ्या बाजूवर येते, लाकूड ती पितं आणि त्या बाजूने फुगतं. हॉलकडची बाजू रंगाने बंद, ती जशीच्या तशी राहते. एक बाजू ताणते, दुसरी ताणत नाही, म्हणून पोट बेडरूमकडे. सनमायका लावणारे मिस्तरी मागच्या बाजूलाही साधा सनमायका का मारतात, ते मला आज खऱ्या अर्थाने कळलं.

पण फुगलेल्या प्लायवर तसाच रंग दिला असता तर आतली ओल अडकली असती. म्हणून पल्ला उतरवला, चार विटांवर आडवा ठेवला आणि तीन दिवस कूलर बंद. घरच्यांनी तीन रात्री गच्चीवर झोपून काढल्या, त्यांचे आभार. एक सुतावर आल्यावर मागच्या बाजूला तेच प्रायमर, त्याच डब्यातले तेवढेच तीन हात, आणि चारही कडासुद्धा. कडा विसरू नका, ओल तिथूनही शिरते. आता कूलर सुरू होऊन सहा दिवस झालेत, पल्ला एक सुतावरच आहे.

लालचं एक सांगायचं राहिलं. लाल रंग झाकत कमी, म्हणून खाली राखाडी अंडरकोट द्या, एक हात वाचतो.

यातला खरा आनंद वेगळाच निघाला. मागची बाजू रंगवायचीच आहे, तर राखाडी कशाला? रीटफेल्ड या डच वास्तुरचनाकाराने 1924 मध्ये नेदरलँड्समधल्या उट्रेख्टला श्रोडरबाईंसाठी घर बांधलं. त्याचा वरचा मजला सरकत्या पडद्यांनी दिवसा एक मोठी खोली आणि रात्री वेगवेगळ्या खोल्या होतो. माझ्याकडे पल्ल्याला दोन तोंडं आहेत. हॉलकडून लाल, निळा, पांढरा. बेडरूमकडून काळा, पांढरा, पिवळा. अर्धे सरकवले की दोन्हीकडे वेगळी मांडणी. लालची मागची बाजू आता लालच झाली आहे, त्यावर काळा जाईल; मग पुढेही एक हात वाढवावा लागेल, हे लिहिताना लक्षात आलं.

तिसरा पल्ला अजून कापलेला नाही आणि तो बारा एमएममध्ये करणारही नाही. सागाच्या बत्त्यांची (अरुंद पट्ट्यांची) चौकट, दोन्ही बाजूंनी चार एमएम प्लाय, आत पोकळ. वजन कमी, चॅनेलवर ताण कमी. मिस्तरींना पटलंय.

बत्त्यांवरून आठवलं, सामान ठेवायची लाकडी मांडणी झाली! गावच्या घराच्या जुन्या चौकटीचं सागवान चिरून घेतलं. तीन बत्त्या एकमेकींत खाच न पाडता एकमेकींना चिकटून पुढे जातात, आत लाकडी खुंट्या आणि फेविकॉल. हाच रीटफेल्डचा सांधा. बत्त्या काळ्या, कापलेली टोकं पिवळी. त्याच्या 1918 च्या प्रसिद्ध लाल-निळ्या खुर्चीला रंग नंतर, 1923 च्या सुमारास आला, म्हणून मीही महिनाभर मांडणी कोरीच वापरली आणि मग रंगवली. संध्याकाळी पश्चिमेचं ऊन आलं की ती पिवळी टोकं हवेत सुटी तरंगल्यासारखी दिसतात.

जमिनीचं अजून अडलंय. श्रोडर घरात जमिनीवरही रंगाचे चौकोन आहेत, माझ्याकडे मळकट व्हिट्रिफाइड टाइल. काल सुचलं की आपल्या जळगावच्या प्लास्टिक चटया एकरंगी मिळाल्या तर मापाने कापून कडा शिवून टाकता येतील. उद्या चटईवाल्यांकडे विचारायला जाते.

लाल पल्ल्याची दोरी मी काढलेली नाही. पाऊस लागेपर्यंत रोज सकाळी मोजणार आहे, कारण तेव्हा ओल दोन्हीकडून येईल.