सरवा

स्मरणिका समितीचं पत्र आलं, शाळेच्या आठवणी लिहा म्हणून. आठवणी पुष्कळ आहेत, पण लिहायला बसलो की सरच पुढे येऊन उभे राहतात. सर म्हटलं की आमच्या बॅचला नाव सांगावं लागत नाही. पांढरा सदरा, खिशात खडू, इंग्रजीचा तास आणि तोंडात अस्सल वऱ्हाडी. बाकी गुरुजनांनी राग मानू नये. त्यांच्यावर लिहिणारे खूप आहेत.

१९८६ ची गोष्ट, मी नववीत. दिवाळीच्या सुट्ट्या संपून शाळा भरली, तरी मी तीन दिवस गेलो नाही. सोयाबीन तेव्हा आमच्या शिवारात आलं नव्हतं. कपाशी, तूर आणि हायब्रीड ज्वारी. कणसांच्या बंड्या खळ्यावर गेल्या की मायसोबत सरव्याला, म्हणजे वावरात मागे पडून राहिलेली कणसं वेचायला जायचं, हे दरवर्षीचं. आम्हाला स्वतःचं वावर नव्हतं. चौथ्या दिवशी हजेरी घेताना सरांनी विचारलं, कुठं होता? मी म्हटलं, ताप होता. सरांची नजर खाली गेली. माझी हाफ पॅन्ट, घोट्यापासून पोटरीपर्यंत धसकटांचे ओरखडे, काहींवर माती तशीच वाळलेली.

"ताप पायाले आल्ता काय बे?"

वर्ग हसला. मी रडायच्या बेतात. सरांनी फळ्यावर एक शब्द लिहिला, ग्लीन. मला तर वाटतं, त्यांनी तो मुद्दाम काढला. मागच्या बाकावरून कोणीतरी ‘साफ करणे’ म्हणालं. "ते क्लीन, लेका. हे ग्लीन." हुशार मुलीनं डिक्शनरीतून वाचलं, ‘वेचणे’. तेवढ्यानं सरांचं समाधान होईना. "कापूसबी वेचतात, त्याले इंग्रजीत ‘पिक’ म्हनतात. मंग पिक काय आन् ग्लीन काय?" सगळे गप्प. तेव्हा सरांनी माझ्याकडे बोट केलं. "हा सांगते. सरवा कसा वेचतात, सांग रे."

मग मी सांगितलं. मालकाची शेवटची बंडी धुऱ्याबाहेर पडल्याशिवाय वावरात पाय घालायचा नाही. अख्खं कणीस क्वचितच सापडतं. धसकटाच्या बुडाशी मोडलेलं, ढेकळात रुतलेलं, पाखरांनी अर्धं खाल्लेलं, असंच सगळं. वाकून एकेक उचलायचं आणि ओच्यात टाकायचं. दिवसभरात दोघांचे मिळून पायलीभर दाणे निघाले तर डोक्यावरून पाणी. सर मध्ये एकदाही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पिक म्हंजे पहिला हात. ग्लीन म्हंजे मागून येनारा हात."

उरलेला तास त्यातच गेला. माहितीही ग्लीन करतात. एकानंच एका दमात सगळं सांगितलं तर ते ग्लीन नव्हे. याच्या बोलण्यातून थोडं, त्याच्या पत्रातून एखादी ओळ, असं वेचत वेचत जुळवलं तरच. पुढे बहुतेकदा ‘फ्रॉम’ येतं, कारण सरवा कोणाच्या तरी वावरातूनच वेचायचा असतो. एकानं वाक्य केलं, ‘आय ग्लीन्ड अ बॅग ऑफ मनी.’ सर म्हणाले, "पैशाची थैली एकदम सापडली तं त्याले ग्लीन म्हनत नाही, चोरी म्हनतात."

आज मी नागपूरला एका दैनिकात वृत्तसंपादक आहे. इंग्रजी बातम्या मराठीत आणण्यात २८ वर्षं गेली. हा शब्द अधूनमधून येतोच, आणि नवी मुलं ‘मिळालेल्या माहितीनुसार’ लिहून मोकळी होतात. मिळालेली नाही, वेचलेली, असं मी समासात लिहितो. ती हसतात. मोबाईलवर अर्थ पाहिला तर ‘वेचणे’च येतं म्हणा, सरांना न पटलेलंच उत्तर. शब्दाची कुळी मी पुढे शोधली. जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला, त्याच्याही मागचं मूळ बहुधा केल्टिक. टेबलामागे मिले या फ्रेंच चित्रकाराच्या १८५७ च्या चित्राची छापील प्रत लावली आहे. तीन बाया शेतात सरवा वेचताहेत, मागे उंच गंज्या, उजवीकडे पार लांब घोड्यावर मुकादम. दोघी पुरत्या वाकलेल्या, तिसरी अर्धवट. मायची कंबर संध्याकाळी तशीच अर्ध्यावर अडकायची.

त्या दिवशी घरी जाऊन मायला सांगितलं, आपल्या सरव्याला इंग्रजीत शब्द आहे. तिला खरं वाटेना. "गोऱ्याइच्या बाया कायले सरवा वेचतीन?" दुसऱ्या दिवशी मी सरांना विचारलं. त्यांनी बायबलमधल्या रूथची गोष्ट सांगितली. परक्या मुलखातली विधवा, सासूसोबत आलेली, बवाज नावाच्या कास्तकाराच्या वावरात सातूचा सरवा वेचायची. शेताच्या कडा गरिबांसाठी न कापता सोडायच्या, पडलेलं मालकानं गोळा करायचं नाही, असा तिथं नियमच होता. बवाजानं तर गड्यांना सांगून ठेवलं होतं, पेंढ्यांतली थोडी कणसं मुद्दाम गळू द्या.

मायनं चुलीपाशी बसून सगळं ऐकून घेतलं. भाकर उलथली.

"त्या बाईच्या पायात चप्पल होती काय, इचार तुह्या सरले."

ते विचारायचं राहून गेलं.