सत्तेचाळीस गेली, एक राहिलं

केंब्रिजजवळच्या आमच्या बाइंडिंगच्या कार्यशाळेत जुनं पुस्तक आलं की आधी मोजणी, मग दुरुस्ती. आयरिस या फुलझाडांवरच्या, डाइक्सच्या ‘द जीनस आयरिस’ (1913) या अवजड ग्रंथाची मोजणी लवकरच उरकली. एफ. एच. राउंड यांनी काढलेली 47 रंगीत चित्रं, सगळीच्या सगळी गायब! शिलाईपासून बोटभर अंतरावर पात्यानं सरळ कापलेल्या पट्ट्या तेवढ्या उरलेल्या. फुलांची चित्रं सुटी करून फ्रेममध्ये विकणारी जमात इथे जुनीच आहे. त्यांच्याबद्दलचं माझं मत छापण्याजोगं नाही.

एक रंगीत चित्र मात्र शाबूत होतं. मिस कार्ड्यू यांनी काढलेल्या आयरिसच्या बिया. बिया दिवाणखान्यात कोण टांगणार?

खरा ऐवज मजकुराच्या समासात निघाला. बारीक पेन्सिलीत कुणीतरी आपल्या बागेतले संकर टिपले होते. रीत पक्की: आधी शेंग धरणारं झाड, मग फुली, मग पराग देणारं. ‘पॅलिडा × अमास’, पुढे ‘शेंग नाही’. खाली पुन्हा तेच, ‘शेंग आली, बी पोकळ’. अमास हा तुर्कस्तानातल्या अमास्याचा टपोऱ्या फुलांचा आयरिस. शेलफर्डला राहणारे शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक मायकेल फॉस्टर यांनी असे आशियाई आयरिस मागवून संकरासाठी वापरले. त्यांची टिपणं पुढे डाइक्सकडे गेली. पॅलिडासारख्या युरोपातल्या जुन्या बागी जातींत गुणसूत्रं 24, अमासमध्ये 48. मेळ बसायचा तो क्वचितच. फॉस्टर 1907 साली वारले तेव्हा हे कुणाला माहीत नव्हतं. तरीही आयरिसचे संकर करणारे ब्लिस यांचा 1917 चा गाजलेला ‘डोमिनियन’ हा आयरिस अमासच्याच परागातून आला. समासातला माळी त्याच वाटेनं अडखळत निघाला होता.

आमचा शिकाऊ मुलगा रबरी स्पंज घेऊन समास स्वच्छ करायला बसणारच होता. पेन्सिल पाण्यानं जात नाही, रबरानं जाते. त्याच्या हातून स्पंज काढून घेतला. कोरड्या मऊ ब्रशनं धूळ झाडली, फाटलेल्या कडांना जपानी टिश्यू आणि गव्हाची खळ लावली, नोंदींना हात लावला नाही.

पुस्तक आणणाऱ्या बाईंना ते आजोबांकडून मिळालेलं. त्यांना त्या पट्ट्यांवर चित्रांच्या छापील प्रती चिकटवून हव्यात, ‘आणि ती गिचमिड पुसता आली तर बरं.’ आमचे मालक म्हणाले, पैसे त्यांचे, पुस्तक त्यांचं. मालकांना सगळं असंच सोपं दिसतं. मी बाईंना नोंदींचे फोटो पाठवलेत, प्रत्येक संकराचा अर्थ खाली लिहून. प्रती सुट्या फोल्डरमध्ये द्याव्यात, पट्ट्या तशाच राहू द्याव्यात, असंही कळवलंय. ती गिचमिड आजोबांचीच का, हेही विचारलंय. अजून उत्तर नाही. शिलाईचं काम मी मुद्दाम मागे ठेवलंय.