रेज्जोच्या बालवाड्या बघायला जाताना

इटलीतल्या रेज्जो शहराच्या नगरपालिकेच्या बालवाड्या बघायला जगभरातून शिक्षक जातात. मीही जाऊन आले, म्हणून या सूचना. पहिली तिकिटाची. इटलीत रेज्जो दोन आहेत. आपल्याला हवं ते रेज्जो एमिलिया, उत्तरेत, मिलान आणि बोलोन्याच्या मधे. दुसरं रेज्जो कालाब्रिया, ते पार दक्षिणेच्या टोकाला, सिसिलीच्या समोर. माझं बोट चुकीच्या नावावर टेकलंच होतं, मैत्रिणीने हात धरला म्हणून वाचले.

मिलानहून वेगवान गाडीने पाऊण तास लागतो. ही गाडी थांबते ते मेदिओपादाना स्टेशन शहराबाहेर आहे. २०१३ साली उघडलेलं, वास्तुरचनाकार कालात्राव्हाने उभारलेलं, पांढऱ्या फासळ्यांचं. बघण्यासारखं आहे, पण तिथून गावात यायला पुन्हा लोकल किंवा बस घ्यावी लागते. सामान जास्त असेल तर साध्या गाडीने थेट जुन्या स्टेशनावर उतरा. वेळ जास्त लागतो, पण या बालशाळांच्या कामाचं मुख्य ठिकाण, लोरिस मालागुत्सी केंद्र, तिथून चालत जाण्याइतकं जवळ आहे. मुक्कामही याच बाजूला करा. साध्या गाडीच्या कागदी तिकिटावर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्यायचा, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो.

आता मुख्य गोष्ट. "आलोच आहोत तर एखादी शाळा बघू" हे तिथे चालत नाही. दिआना ही शाळा तर सार्वजनिक बागेत आहे. १९९१ साली 'न्यूजवीक'ने जगातल्या उत्तम शाळांत तिचं नाव घेतलं, तेव्हापासून जगभरातून रीघ लागली. पण फाटकाबाहेरूनच परतायचं. आत जायचं तर 'रेज्जो चिल्ड्रन' या संस्थेच्या अभ्यासगटात काही महिने आधी नाव नोंदवायचं. त्यांचं पत्र व्हिसाच्या अर्जाला जोडता येतं. इटलीसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोचा प्रवासविमा लागतो, शिवाय ९० युरो शुल्क. व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये जाऊ नका, शाळा बंद असतात. २५ एप्रिलला त्यांचा मुक्तिदिन (नाझी-फॅसिस्ट राजवटीतून सुटकेचा), म्हणजे राष्ट्रीय सुट्टी.

त्या मुक्तिदिनाशीच या शाळांची गोष्ट जोडलेली आहे. १९४५च्या वसंतात, युद्ध संपल्यावर काही दिवसांतच, शहराच्या पश्चिमेला चेल्ला नावाच्या वस्तीत लोकांनी स्वतःच्या हातांनी बालशाळा बांधायला घेतली. पळून गेलेल्या जर्मन सैन्याचा एक रणगाडा, काही ट्रक आणि घोडे विकून पैसे उभे केले. विटा बॉम्बने पडलेल्या घरांच्या. ज्याच्या नावाचं ते केंद्र आहे, तो मालागुत्सी तेव्हा पंचविशीतला शिक्षक होता. बातमी ऐकून तो सायकल मारत तिथे गेला आणि मग या कामातून बाहेर पडलाच नाही. १९६३ मध्ये नगरपालिकेने स्वतःची पहिली बालशाळा काढली, १९७१ मध्ये तीन वर्षांखालच्या मुलांसाठी पहिलं पाळणाघर.

मी वहीत १९४५ लिहिलं आणि थबकले. त्याच वर्षी ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं होतं. पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, अनुताई वाघांनी ते आयुष्यभर ओढलं. आपल्याकडे रणगाडा नव्हता एवढंच! माँटेसरीचं महागडं साहित्य परवडत नाही म्हणून ताराबाईंनी बिया, शिंपले, खडे वापरले. रेज्जोत १९९६पासून 'रेमिदा' आहे. कारखान्यांत उरलेले कापडाचे तुकडे, नळ्या, झाकणं, पुठ्ठे तिथे निगुतीने मांडून ठेवलेले असतात आणि शाळा ते घेऊन जातात. कोसबाडला जाऊन आलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही, ओळखीचं मात्र वाटेल.

आमच्या गटातली बहुतेक मंडळी शाळेत शिरल्या शिरल्या आरशांकडे आणि खालून उजेड येणाऱ्या टेबलांकडे धावली. मीही धावले. पाच मिनिटांत मनातल्या मनात नाशिकच्या सुताराकडून भाव काढून झाला. मग मी स्वयंपाकघरापाशी रेंगाळले. रेज्जोत ते शाळेतच असतं, आणि स्वयंपाकीण शाळेच्या माणसांतच मोजली जाते. मुलं मेजावर ताटं मांडत होती, ताटं काचेची. फुटतात का, असं विचारलं तर बाई नुसती हसली.

भिंतीवर एका मुलाने काढलेली सायकलच्या चाकाची चार चित्रं होती, चारही वेगवेगळ्या तारखांची. पहिल्यात आऱ्या हवेत तरंगत होत्या, चौथ्यात त्या मधल्या तुंब्याला येऊन भिडल्या होत्या. खाली शिक्षिकांनी त्याचं बोलणं टिपलेलं. मी विचारलं, हे लिहायला वेळ कधी मिळतो? आठवड्याचे ३६ तास पगारी, त्यातले ३० मुलांबरोबर. उरलेले सहा तास बैठका, तयारी, प्रशिक्षण आणि अशा नोंदींसाठी. वर्गावर दोन शिक्षिका, दोघींचा दर्जा सारखा. शाळेत कलेचं शिक्षण घेतलेला एक माणूस वेगळा.

माझ्या मते सगळं गुपित त्या सहा तासांत आहे. आपली अंगणवाडी सेविकाही नोंद करते, पण ती वजन-उंचीची, आहाराची, सरकारी पोषण ट्रॅकर ॲपवरची. ती नोंद कमी मोलाची नाही. मात्र मूल काय बोललं हे लिहायला तिच्या दिवसात जागाच ठेवलेली नाही. टेबलं आपण करू शकतो, हे सहा तास कोण देणार? तिथे नगरपालिका देते आणि पालक उत्पन्नाप्रमाणे फी भरतात. तरी हे चीज, यंत्रं आणि सहकारी संस्थांवर सुखवस्तू झालेलं शहर आहे हे विसरू नका. अभ्यासगटाची फीसुद्धा त्याच हिशोबाची आहे. माझ्या इथल्या संस्थेने अर्धा भार उचलला नसता तर मी गेले नसते.

खाण्याचं थोडक्यात: शाकाहारी असाल तर लाल भोपळ्याचे तोर्तेल्ली मागा. एर्बाझोने ही पालेभाजी भरलेली, भाजलेली चपटी पोळी दिसायला निरागस असते, पण तिच्यात बहुधा डुकराची चरबी असते, विचारून घ्या. परमेजान चीजमध्येही वासराच्या पोटातलं, दूध गोठवणारं रेनेट असतं. दुपारचं जेवण चुकलं तर सात वाजेपर्यंत बहुतेक खानावळी बंद. मेतकूट न्या.

शाळेत मुलांचे फोटो काढू देत नाहीत, म्हणून जाड वही आणि पेन्सिली न्या. आणि पहिल्याच दिवशी भिंतींपेक्षा शिक्षिकांचं वेळापत्रक मागून घ्या. मी ते शेवटच्या दिवशी मागितलं, घाईत उतरवलं.

परत आल्यावर आमच्या संस्थेच्या विश्वस्तांपुढे तेच वेळापत्रक ठेवलं. उजेडाचं टेबल पाच मिनिटांत मंजूर झालं. मुलांशिवायच्या पगारी वेळेवर तीन बैठका झाल्या. सध्या पंधरवड्यातून एकदा दीड तास मिळालाय.